शिरोरेषेचा सांधा

छत्रपती संभाजीनगरहून पैठणच्या रस्त्याला लागलं की चौदाएक किलोमीटरवर चितेगाव येतं. व्हिडिओकॉनच्या नोंदणीकृत पत्त्यातही ‘चौदा किलोमीटरचा दगड’ असाच उल्लेख असे आणि गावाचं नाव इंग्रजीत दोन ‘टी’ घालून लिहिलेलं असे, म्हणजे वाचणाऱ्याने ‘चित्तेगाव’ म्हणावं असं. टीव्हीच्या कारखान्यामुळे बाहेरच्या जगाला माहीत झालेलं हे गाव. तेव्हा संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षर कसं उमटतं हे समजून घ्यायला याच गावाचं नाव हाताशी धरलेलं बरं. ‘चितेगाव’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत सात खुणांचा असतो: च, ऱ्हस्व वेलांटी, त, मात्रा, ग, काना, व. या सात खुणांचं नीट जुळलेलं, सलग शिरोरेषेखाली बसलेलं नाव व्हायला डेस्कटॉप लिनक्सवर वीसेक वर्षं लागली. त्या वर्षांत जे बदल झाले त्यांवर जगभर भरपूर वाद झाले, पण ते बहुतेक रोमन लिपी वाचणाऱ्यांच्या डोळ्यांनी. ‘पूर्वी अक्षर कसं कोरीव दिसायचं, आता धूसर झालं’ ही त्या वादातली मुख्य तक्रार. मराठी वाचकाने ती जशीच्या तशी उसनी घेऊ नये, असं माझं म्हणणं आहे. ज्या बदलांत रोमन अक्षराने थोडं गमावलं, त्याच बदलांत देवनागरीने बरंच कमावलं. आणि आपलं जे खरोखर अडलेलं आहे, त्याचा धूसरपणाशी फारसा संबंध नाही.

आधी काम कसं चालतं ते पाहू. जुन्या छापखान्यात देवनागरीचा एक संच म्हणजे शेकडो खिळे. अक्षरं, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, रफार, सगळ्यांची घरं वेगळी. हस्तलिखित समोर ठेवून जुळारी योग्य घरातला योग्य खिळा उचलायचा. वेलांटी कोणत्या बाजूला लावायची, ‘त’खाली ‘र’ आला तर ‘त्र’चा खिळा घ्यायचा, हे त्याच्या बोटांत असे. संगणकात या जुळाऱ्याच्या कामाला शेपिंग म्हणतात. फॉन्टची फाइल म्हणजे खिळ्यांची पेटी, आणि शेपिंग करणारा प्रोग्रॅम म्हणजे जुळारी. चितेगाव टंकताना आपण आधी ‘च’ दाबतो आणि मग वेलांटी, कारण उच्चार त्या क्रमाने होतो. पडद्यावर मात्र वेलांटी ‘च’च्या डावीकडे यायला हवी. म्हणजे जुळाऱ्याने पहिल्या दोन खुणांची अदलाबदल करायची, मग ‘च’च्या रुंदीला शोभेल अशा कमानीची वेलांटी पेटीत असेल तर ती निवडायची, आणि ‘ते’वरची मात्रा दंडाच्या टोकावर बसवायची. ‘चित्तेगाव’ लिहिलं तर त्यात ‘त्त’ हे जोडाक्षरही आलं. हे सगळं झाल्यावर दुसरा कारागीर येतो. वक्ररेषांनी आखलेलं अक्षर तो पडद्यावरच्या चौकोनी ठिपक्यांत उतरवतो. लिनक्सवर हे दुसरं काम गेली पंचवीस वर्षं फ्रीटाइप नावाचा प्रोग्रॅम करतो. वाद जवळजवळ सगळे या दुसऱ्या कारागिराभोवती झाले. मराठीची खरी अडचण पहिल्याच्या हाती होती.

रोमन लिपीला जुळारी लागतच नाही म्हटलं तरी चालेल. एका खुणेला एक खिळा, डावीकडून उजवीकडे मांडत जायचं. त्यामुळे सुरुवातीच्या लिनक्सवर जुळारी नव्हताच, आणि आपल्याकडच्या लोकांना तो उभा करावा लागला. मुंबईच्या एनसीएसटी या संस्थेत, जी २००३मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाली, ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प झाला. लिनक्सचा पडदा सांभाळणाऱ्या एक्स विंडो व्यवस्थेतच भारतीय लिप्यांची जुळवणी घालायची, ही त्यामागची कल्पना. र. कृ. जोशींसारखा अक्षरांचा जाणकार त्याच संस्थेत होता. विंडोजवरचा ‘मंगल’ त्यांच्याच हातचा. खिळ्यांची पेटीही हवी होती. २००४मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ हा फॉन्टसंच मुक्त केला. त्याची मूळ अक्षरं पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, म्हणजे ज्यांच्या श्री-लिपीवर महाराष्ट्रातल्या कितीतरी लग्नपत्रिका निघाल्या त्यांचीच. पुढे अनेक वर्षं लोहितची निगा रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी राखली. तरीही एक मोठी पंचाईत होती. नोम डेस्कटॉपचा जुळारी वेगळा, केडीईचा वेगळा, ओपनऑफिसचा आणखी तिसराच. एकाच संगणकावर, एकाच फॉन्टमध्ये, एकच मराठी शब्द तीन खिडक्यांत तीन तऱ्हांनी दिसू शकत होता. तिघांचेही नियम थोडे अपुरे आणि तिघांच्याही चुका वेगळ्या.

ही पंचाईत सुटली ती हार्फबझमुळे. नाव फारसी आहे: ‘हर्फ’ म्हणजे अक्षर आणि ‘बाज’ म्हणजे खुलं. हर्फ आपल्याही ओळखीचा. बेहदाद एस्फहबोद या मूळच्या इराणी प्रोग्रॅमरने आधीच्या तुकड्यांवरून हा जुळारी नव्याने घडवला, आणि २०१२पासून तो लिनक्सच्या मुख्य प्रवाहात आला. त्याची तपासणी कशी केली ते सांगण्यासारखं आहे. विकिपीडियातून प्रत्येक लिपीतले खरेखुरे शब्द गोळा केले, देवनागरीचे सुमारे सात लाख, आणि तेच शब्द मायक्रोसॉफ्टच्या जुळाऱ्याकडून आणि हार्फबझकडून जुळवून घेऊन दोन्हींची ओळीने तुलना केली. जिथे फरक पडला तिथे कोण बरोबर हे एकेका शब्दावर ठरवलं. शेवटी देवनागरीतले न जुळणारे शब्द शंभराच्या आत आले. त्यानंतर नोमचा मजकूर मांडणारा पँगो, फायरफॉक्स, क्रोम आणि लिब्रेऑफिस हळूहळू सगळे याच जुळाऱ्याकडे आले. लिब्रेऑफिसने २०१७च्या ५.३ आवृत्तीत सगळ्याच प्रणालींवर तोच घेतला. अँड्रॉइडमध्येही तोच आहे. ‘लिनक्स वापरतं कोण?’ असं विचारणाऱ्याच्या खिशातला फोन मराठी मेसेज दाखवतो तो याच जुळाऱ्याच्या हातून.

यात मराठीचा खास हिस्सा कोणता, हे एका शब्दात दिसतं. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. दोन्हींत र, हलन्त आणि य. फरक एवढाच की पहिल्यात रफार ‘या’च्या डोक्यावर चढतो, आणि दुसऱ्यात ‘र’ची छोटी आडवी कमान ‘य’च्या डावीकडे शिरोरेषेला लटकते. हिंदीला ही कमान लागत नाही. मराठीला ती पदोपदी लागते: कऱ्हाड, तऱ्हा, सुऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्याला. आचार्यास जेवायला वाढणं आणि आचाऱ्यास वाढायला सांगणं यात जो फरक आहे तो सगळा या कमानीवर टांगलेला आहे. युनिकोडमध्ये ती लिहिण्याच्या दोन वाटा आहेत. एकीत खाली नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त लावायचा. दुसरीत साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारी जोडखूण टाकायची, नेपाळी लिहिणारे बहुधा या दुसऱ्या वाटेने जातात. जुळाऱ्याला दोन्ही वाटा ठाऊक असल्या पाहिजेत आणि दोन्हींतून एकच कमान निघाली पाहिजे. तसं झालं नाही तर ‘ऱ’ खाली ठिपका घेऊन उभा राहतो आणि हलन्त त्याच्या पायाशी लोंबतो. हिंदीसाठी तपासून ‘देवनागरी झाली’ असा शिक्का मारला की नेमकं हेच निसटतं. ‘ॲ’ हे अक्षरही असंच. ॲपल, ॲसिड लिहिताना मराठीला ते लागतं, आणि युनिकोडमध्ये ते स्वतंत्रपणे आलं ते २००८च्या ५.१ आवृत्तीत. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र टाकून पाहत आणि जुळाऱ्याच्या मर्जीप्रमाणे कधी चंद्र बसे, कधी तुटक वर्तुळ दिसे.

आता दुसऱ्या कारागिराकडे येऊ. अक्षराच्या वक्ररेषा ठिपक्यांत उतरवताना अडचण अशी की ठिपके मोठे असतात आणि रेषा नेमक्या ठिपक्यांच्या हद्दीवर पडत नाहीत. उपाय दोन. एक, रेषेने ठिपक्याचा जेवढा भाग व्यापला असेल तेवढा करडा रंग भरायचा. याने कडा मऊ होतात. दुसरा, रेषाच थोडी सरकवून ठिपक्यांच्या हद्दीवर आणून बसवायची. या सरकवण्याला हिंटिंग म्हणतात. फॉन्ट बनवणाऱ्याने प्रत्येक अक्षरात कोणती रेषा कुठे सरकवायची याच्या सूचना लिहिलेल्या असतात. ट्रूटाइप फॉन्टमधल्या या सूचना चालवण्याच्या पद्धतीवर ॲपलची पेटंटं होती, म्हणून फ्रीटाइप त्या सहसा पाळतच नसे आणि स्वतःच्या अंदाजाने रेषा सरकवे. मे २०१०मध्ये पेटंटांची मुदत संपली आणि त्याच वर्षी फ्रीटाइप २.४मध्ये सूचना पाळणं आपोआप सुरू झालं. पुढे २०१६च्या २.७ आवृत्तीत धोरण पुन्हा बदललं: आडव्या दिशेतली सरकवासरकव दुर्लक्षित करायची आणि उभ्या दिशेतली तेवढी ठेवायची. क्लियरटाइप या विंडोजच्या अक्षर रंगवण्याच्या पद्धतीचा कित्ता तो. रोमन वाचकांपैकी अनेकांना हा घाव वाटला. एरियल किंवा व्हर्डाना यांच्या सूचना कारागिरांनी वर्षानुवर्षं हाताने लिहिलेल्या, त्यांच्या उभ्या काठ्या ठिपक्यांत कोरल्यासारख्या बसायच्या. त्या आता कडेला मऊ झाल्या.

देवनागरीकडे असा वारसा गमवायला नव्हताच. एका देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं धरून सहज सातआठशे आकृती असतात. त्या प्रत्येकीच्या सूचना हाताने लिहिणं मुक्त फॉन्ट करणाऱ्यांना परवडणारं नव्हतं, त्यामुळे आपल्या फॉन्टांत एक तर सूचना नसत किंवा यंत्राने लावलेल्या असत. शिवाय आपल्या लिपीचा कणा आडवा आहे. रोमनमध्ये नजर उभ्या काठ्यांवरून जाते. देवनागरीत ती शिरोरेषेवरून घसरत जाते. नेहमीच्या मॉनिटरवर ११ पॉइंटचं अक्षर म्हणजे उभे सुमारे पंधरा ठिपके. त्यातच वरची मात्रा, वेलांटीची कमान, अनुस्वार आणि खालचा उकार बसवायचे. उरलेल्या आठनऊ ठिपक्यांत अक्षराचा देह, आणि शिरोरेषेच्या वाट्याला जेमतेम एक ठिपका. ती एका ठिपक्याची रेषा दोन ओळींच्या मधोमध पडली तर काळ्या रेषेऐवजी दोन फिकट करडे पट्टे उमटतात आणि ओळच्या ओळ मळकट दिसते. म्हणजे देवनागरीला हवं ते उभ्या दिशेतलं नेमकेपण, जे २०१६च्या बदलाने राखून ठेवलं. फ्रीटाइपच्या अंदाजाने रेषा सरकवणाऱ्या भागात आज देवनागरीसाठी वेगळी तरतूदही आहे. अक्षराच्या चार पातळ्या तिथे नोंदलेल्या आहेत: मात्रांची वरची, शिरोरेषेची, तळाची आणि उकारांची. त्या मोजायला नमुन्याची अक्षरं दिली आहेत. शिरोरेषेसाठी क, म, थ, ध, भ, श यांच्यासारखी, तळासाठी क, न, ट, ठ, ड यांच्यासारखी, आणि खालच्या पातळीसाठी उकार आणि ऋकार. शिरोरेषा ही स्वतंत्र पातळी आहे, एवढं साधं सत्य यंत्राला कुणीतरी सांगावं लागलं, आणि ते सांगितल्यावर जेवढा फरक पडला तेवढा धूसरपणाच्या सगळ्या वादांतून पडला नसता.

शिरोरेषेची दुसरी भानगड अक्षरांच्या सांध्यात आहे. रोमन अक्षरं सुटी असतात. एकाच्या शेजारी दुसरं अर्धा ठिपका इकडे-तिकडे पडलं तर फारतर अंतर विचित्र वाटेल. देवनागरीत शेजारची दोन अक्षरं शिरोरेषेने चिकटतात, पण संगणक ती वेगवेगळी रंगवतो. समजा सांधा एका ठिपक्याच्या बरोबर मध्यावर आला. पहिल्या अक्षराच्या रेषेने तो ठिपका अर्धा व्यापला, म्हणून तिथे ५० टक्के काळा रंग भरला. दुसऱ्या अक्षराने उरलेला अर्धा व्यापला. पण दुसरा थर चढतो तो पहिल्यातून उरलेल्या पांढऱ्यावर, म्हणून अर्ध्याचा अर्धा, म्हणजे आणखी २५ टक्के. एकूण ७५. गणिताने तिथे पूर्ण काळं हवं होतं, पडद्यावर फिकट चीर दिसते. म्हणून फॉन्ट करणारे शिरोरेषा अक्षराच्या हद्दीबाहेर जराशी वाढवतात. अक्षराची चौकट हजार एककांची धरली आणि ते पंधरा ठिपक्यांत छापलं, तर एक ठिपका म्हणजे सुमारे ६७ एककं. एका बाजूने वीस एककांची वाढ दिली तर तो पहिला थर ८० टक्क्यांवर जातो आणि चीर ९० टक्क्यांपर्यंत भरते. पुरती नाहीशी होत नाही. ‘चितेगाव’मध्ये असे सांधे अनेक आहेत, आणि कानाही शिरोरेषेला लागतो.

पूर्वीची पद्धत यात आणखी भर घालायची. प्रत्येक अक्षराची रुंदी पूर्ण ठिपक्यांत गोळा केली जाई. ९.४ ठिपके रुंदीचं अक्षर ९ होई, ९.६चं १० होई. पहिल्यात शेजारी एकमेकांत घुसायचे, दुसऱ्यात सांध्यात सरळ फट पडायची. आणि पान थोडं मोठं करून पाहिलं की फटी जागा बदलायच्या. २०१९मध्ये पँगो १.४४ने मोजमापाचं काम हार्फबझकडे सोपवलं आणि अक्षरं ठिपक्याच्या अपूर्णांकातही ठेवता येतील अशी सोय केली. जुने ठिपक्यांचे फॉन्ट आणि टाइप १ फॉन्ट त्याने सोडून दिले, त्यावरून बराच गदारोळ झाला. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टंकायच्या खिडकीत, वर्षानुवर्षं एकच ठिपक्यांचा फॉन्ट वापरणाऱ्यांचं दुःख खरं होतं, ते मी नाकारत नाही. पण ठिपक्यांच्या फॉन्टमध्ये मराठी कधी वाचनीय नव्हतंच, आणि अपूर्णांकातल्या रुंदीमुळे शिरोरेषेच्या फटी मिटल्या. हा सौदा आपल्या बाजूचा होता.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो तो नोमच्या खिडक्या आणि मेनू रंगवणाऱ्या जीटीके ४वर. डिसेंबर २०२०मध्ये आलेल्या या आवृत्तीने रंगीत उपठिपक्यांचा वापर सोडला. एलसीडीच्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन उभे पट्टे शेजारी असतात. ते सुटेसुटे उजळवले तर आडव्या दिशेत तिप्पट बारकावा मिळतो, आणि क्लियरटाइपची सगळी जादू त्यात होती. ती गेली, उरली करडी छटा. चितेगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या कचेरीत साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८चा मॉनिटर असेल तर त्यावर इंचाला जेमतेम ८५ ठिपके पडतात. अनेक साडेसहा इंची फोनांवर ते चारशेच्या आसपास असतात. फोनवर जी करडी छटा दिसतही नाही ती या मॉनिटरवर डोळ्यांना टोचते. आक्षेप खरा आहे, आणि त्याचा भार स्वस्त मॉनिटर वापरणाऱ्यावर पडतो, नवा लॅपटॉप घेणाऱ्यावर नाही, हेही खरं. आपल्या दंडांना आणि कान्यांनाही रंगीत उपठिपक्यांचा फायदा होतच होता. पण त्या युक्तीचं आयुष्य किती, हेही पाहायला हवं. चितेगावात जेव्हा जुन्या काचेच्या नळीचे टीव्ही बनत, तेव्हाच्या पडद्यावर तिचा उपयोग नव्हता, कारण तिथे अक्षराचा ठिपका आणि काचेवरचा रंगीत बिंदू यांचं एकास एक नातंच नसतं. एलसीडीवर ते जुळलं. ओलेड पडद्यांवर रंगबिंदूंची मांडणी पुन्हा निराळी, त्यामुळे तिथे हीच युक्ती अक्षरांना लाल-हिरव्या झालरी लावते. पडदा उभा फिरवला तरी तसंच. ॲपलनेही मॅकच्या २०१८च्या मोहावे आवृत्तीत ही युक्ती सोडली होती. म्हणजे जीटीकेने एकट्यानेच काही उफराटं केलं असं नाही. जुन्या मॉनिटरवाल्याला उपाय हवा असेल तर फॉन्ट एक पॉइंटने वाढवणं आणि हिंटिंग ‘स्लाइट’वर ठेवणं, एवढ्याने शिरोरेषा जागेवर येते. दंड थोडे मऊ राहतील.

दुसरा आक्षेप डीटीपीवाल्यांचा. ‘एवढा खटाटोप कशाला? आमच्या श्री-लिपीत, सुरेख फॉन्टमध्ये वीस वर्षांपूर्वीही अक्षर देखणं निघत होतं.’ निघत होतं, यात शंका नाही. कारण तिथे बहुतेक वेळा जुळारी माणूसच होता. ऱ्हस्व वेलांटी आधी दाबायची, मग ‘च’. रफार कुठे, कमान कुठे, हे टंकणाऱ्याच्या बोटांवर. पण फाइलमध्ये उरे ते रोमन चिन्हांचं कडबोळं, आणि फॉन्ट बदलला की चितेगावचं नाव वाचणाऱ्याला शिवी दिल्यासारखं दिसे. शोधता येईना, अकारविल्हे लावता येईना. आणखी मागे गेलं तर हीच गोष्ट सापडते: खिळ्यांच्या अडचणीपायी लिपीच बदलावी असा विचार विसाव्या शतकात गंभीरपणे झाला. टिळकांनी खिळ्यांची संख्या घटवण्याचा प्रयत्न केला, सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी मांडली. यंत्राला लिपी पेलवत नाही, तर लिपीने वाकावं, हा त्यामागचा हिशोब होता आणि त्या काळात तो चुकीचा नव्हता. हार्फबझने तो हिशोब उलटा केला. टंकणाऱ्याने बोलल्याप्रमाणे टंकायचं, जुळवायचं यंत्राने.

मग अडलं कुठे? एक तर टर्मिनलमध्ये. तिथे प्रत्येक खुणेला सारख्या रुंदीचं घर असतं, आणि ‘चि’ किंवा ‘त्ते’ त्या घरात बसवण्याची एकमताची रीत अजून नाही. पण रोजच्या वापरात त्याहून जास्त खुपतं ते ‘ल’ आणि ‘श’. मराठीत ‘ल’ दोन पाकळ्यांचा, उजवीकडे दंड नसलेला, ‘श’ देठाचा. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ला वर्णमालेचा निर्णय काढला आणि १० नोव्हेंबर २०२२च्या सुधारित निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ स्पष्ट केले. युनिकोडमध्ये मात्र हिंदीचा आणि मराठीचा ‘ल’ एकच खूण. लोहित देवनागरीसारख्या फॉन्टच्या पेटीत दोन्ही खिळे असतात, आणि मजकूर मराठी आहे असं जुळाऱ्याला कळलं तरच तो मराठी खिळा उचलतो. कळतं कसं? संगणकाच्या भाषेच्या सेटिंगवरून. महाराष्ट्रातले बहुतेक लिनक्सवाले डेस्कटॉप इंग्रजीत ठेवतात, आणि पँगोला इंग्रजी डेस्कटॉपवर देवनागरी मजकूर दिसला की तो त्या लिपीची नमुना-भाषा धरतो: हिंदी. म्हणून अक्षरं स्वच्छ, सांधे सलग, आणि तरीही ‘लातूर’, ‘शाळा’ परक्या वळणाने. २०२२मध्ये फेडोरा या लिनक्सच्या ३६व्या आवृत्तीने मूळ फॉन्ट म्हणून नोटो आणला आणि लोहित मागे सरकला, तरी हा गुंता फॉन्टमध्ये नव्हता, म्हणून तो तसाच राहिला. नोम ४८च्या अद्वैत सॅन्समध्ये तर देवनागरी नाहीच. तिथे आपलं अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून मागवून आणलं जातं, आणि कोणाकडून मागवायचं हेही भाषेवरच ठरतं.

कोणी म्हणेल, वळणाचा एवढा बाऊ का? वाचता येतं ना? येतं. पण ज्या शाळेत मूल पाकळीचा ‘ल’ गिरवतं त्याच शाळेच्या संगणकावर त्याला दंडाचा ‘ल’ दिसावा, हे कोणत्याही पेटंटामुळे किंवा मॉनिटरच्या स्वस्ताईमुळे होत नाही. पेटीत खिळा आहे, जुळारी तयार आहे, फक्त त्याला सांगितलेलं नाही. सांगायला फार लागत नाही: ‘पँगो_लँग्वेज’ नावाच्या सेटिंगमध्ये इंग्रजीच्या मागोमाग मराठीचा ‘एमआर’ हा संकेत जोडला की मेनू इंग्रजीतच राहतात आणि देवनागरीसाठी पँगो मराठी धरतो. लिब्रेऑफिसमध्ये परिच्छेदाची भाषा मराठी निवडावी लागते, वेबपानात ती पान बनवणाऱ्याने नोंदवावी लागते. राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’सारखा फॉन्ट घेतला तर तो मुळातच मराठी वळणाचा असल्याने तेवढंही करावं लागत नाही. पण तो लिनक्सबरोबर आपोआप येत नाही, उतरवून बसवावा लागतो. आणि संगणक बसवून देणाऱ्याच्या यादीत इंग्रजी, इन्स्क्रिप्ट कळफलक आणि प्रिंटर यांच्यानंतर ही ओळ सहसा नसते.